वाचनालयाची पाटी

आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर एक पाटी आहे. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. १९८७ साली मालवणच्या बाजारातल्या एका पेंटरकडून ती रंगवून घेतली. तिच्यावर चौदा नियम आहेत आणि त्यांतल्या नऊ नियमांचा शेवट 'मनाई आहे' किंवा 'दंड आकारला जाईल' असा होतो. हे चौदाही नियम मी लिहिले. तेव्हा मी गावच्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवीत असे आणि वाचनालयाचा कार्यवाह होतो. म्हणजे दिवसा मुलांना शिस्त लावायची आणि संध्याकाळी त्यांच्या आईबापांना. मोठ्याने बोलू नये, पान दुमडू नये, थुंकी लावून पान उलटू नये, वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवू नये, ओल्या हाताने पुस्तकास स्पर्श करू नये. गाबीतवाडीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वाचनालयात हा शेवटचा नियम लावताना मला काहीसुद्धा वाटलं नव्हतं.

कोकणाला वाचनालयांची परंपरा नवी नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्याच्या वाट्याला रस्ते कमी आले, कारखाने जवळजवळ आलेच नाहीत, पण वाचनालयं मात्र भरपूर आली. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर दीडशे वर्षांहून जुनं आहे. वेंगुर्ल्याच्या नगर वाचनालयानेही शंभरी कधीच ओलांडली. मालवणात नगर वाचन मंदिर आहे, बॅ. नाथ पै सेवांगण आहे. शिवाय 'दर्पण' काढून मराठी वृत्तपत्राचा पाया १८३२ साली ज्यांनी घातला ते बाळशास्त्री जांभेकर आमच्याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, हे सांगितल्याशिवाय इकडचा एकही वक्ता भाषण संपवीत नाही. मीही सांगून घेतलं.

आमचं वाचनालय या मोठ्या नावांच्या पंगतीत बसणारं नाही. देवळाच्या धर्मशाळेची एक खोली, पुढे चिऱ्याच्या दोन खोल्या आणि वर मंगलोरी कौलं. शासनाच्या कोष्टकात 'ड' वर्ग. ज्यांना या कोष्टकाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला. त्यानुसार गावोगावच्या संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना शासन मान्यता आणि अनुदान देतं, आणि पुस्तकं, सभासद, वर्तमानपत्रं, उघडं राहण्याचे तास यांवरून त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. राज्यात अशी अकरा हजारांहून अधिक वाचनालयं आहेत. म्हणजे वाचनालय सरकारचं नसतं आणि पुरतं गावाचंही नसतं. गावातल्या चार माणसांनी ते चालवायचं, आणि दप्तर मात्र सरकारला दाखवायचं. मद्रास राज्याने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर बसवला होता. आपल्या कायद्यात तो नाही. त्यामुळे आपल्याकडचं अनुदान हे हक्काच्या घासापेक्षा पाहुण्याने पुढे केलेल्या ताटासारखं असतं. कधी वाढलं जाईल ते त्याच्या मनावर.

या चार माणसांना काय काय सांभाळावं लागतं ते बाहेरून दिसत नाही. आमच्या किनाऱ्यावर पुस्तकांचा पहिला शत्रू वाचक नव्हे, हवा आहे. लाकडी कपाट घ्यावं तर वाळवी, लोखंडी घ्यावं तर खारं वारं दोन पावसाळ्यांत त्याची बिजागरी खातं. मी उमेदीच्या काळात सगळ्या पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घातली. दिसायला झकास! श्रावणात उघडून बघतो तर कव्हराच्या आत दमटपणा कोंडून पुठ्ठ्यांवर हिरवट बुरशी धरलेली. मग ती सगळी कव्हरं काढण्यात एक दिवाळीची सुट्टी गेली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवायचं, पुस्तकं गच्च कोंबायची नाहीत, वेखंडाचे तुकडे आणि डांबरगोळ्या टाकायच्या, आणि पाऊस सरला की कपाटं सताड उघडून पुस्तकांना वारं द्यायचं. उन्हात नाही घालायची. उन्हात पानं वाळतात पण बांधणीचा डिंक सुटतो. हे मला कोणत्याही प्रशिक्षणवर्गात कुणी सांगितलं नाही. आमच्या पहिल्या ग्रंथपाल काकांनी सांगितलं. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत होतं आणि त्यांना कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते अंधारात समजायचं. अंधार तर आमच्याकडे पावसाळ्यात रोजचाच.

हे एवढं करून पुस्तक जपायचं, तर ते वाचकाच्या हातात देताना जीव वरखाली होणारच. माझे चौदा नियम त्या धास्तीतून आले होते. आणि याच धास्तीपोटी मी जे केलं ते आज लिहायचं आहे.

साल १९९१. जुलै महिना. गाबीतवाडीतली एक मुलगी, माझ्याच शाळेत नववीत. आई टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची. मुलगी वाचायची म्हणजे अधाशासारखी वाचायची. बाल विभाग तिने सहावीतच संपवला होता. अनामत रक्कम भरायला घरात नव्हती म्हणून माझ्या जामिनावर तिला सभासद केलं होतं. तिने रणजित देसाईंची 'स्वामी' नेली. त्या आठवड्यात उधाण आलं, झावळ्यांच्या छपरातून पाणी गळलं, आणि पुस्तक भिजलं. भिजलं म्हणजे पार फुगून त्याची उशी झाली.

संध्याकाळी आई स्वतः आली. पायरीखालीच उभी राहिली. "मास्तरांनू, पुस्तक भिजलां. किती देवचे?" मी पाटीकडे बघितलं. अकरावा नियम: पुस्तक खराब झाल्यास पूर्ण किंमत व दंड. मी आकडा सांगितला. तिने पदराची गाठ सोडली आणि नोटा, नाणी फळीवर ठेवली. सगळे पैसे ओले होते. मी मोजून घेतले, पावती फाडली. मग ती म्हणाली, "आता तां पुस्तक आमचां झालां ना?"

मी नाही म्हटलं. खराब झालेलं पुस्तक संस्थेच्या ताब्यात राहतं. दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक असतो. त्याचं रीतसर निर्लेखन करावं लागतं, समितीचा ठराव लागतो. मी हे सगळं तिला समजावून सांगितलं, वर्गात सांगतो तसं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "चेडवाचा वाचान पुरा होवक नाय, म्हणान इचारलंय." आणि पुस्तक फळीवर ठेवून गेली.

ते पुस्तक आम्ही मागच्या खोलीत ठेवलं. निर्लेखनाचा ठराव व्हायला अडीच वर्षं लागली, कारण सभेला गणपूर्ती होत नव्हती. तोवर वाळवीने त्याचं काम केलं होतं. मुलगी पुन्हा वाचनालयात आली नाही. दहावीनंतर मुंबईला मावशीकडे गेली असं कळलं. तिची आई मात्र रोज आमच्या दारावर मासळी घेऊन यायची आणि हिशेब झाल्यावर वर एक बांगडा टाकायची, पूर्वी टाकायची तसाच. त्या बाईने तो विषय पुन्हा काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

हिशेबाने माझं काहीच चुकलं नव्हतं. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या पावतीवर बरोबरची खूणसुद्धा केली. पण ज्या पुस्तकाची पूर्ण किंमत एका कुटुंबाने भरली ते त्यांनाही मिळालं नाही आणि आम्हालाही उपयोगी पडलं नाही. ते मिळालं वाळवीला. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम म्हणून मांडलं. आमच्या कचेरीत त्यांचा फोटो होता. १२ ऑगस्टला आम्ही त्याला हारही घालत होतो.

अकरावा नियम बदलायला मला पुढची चार वर्षं लागली. पूर्ण किंमत भरली तर पुस्तक वाचकाचं, त्यावर 'रद्द' असा शिक्का मारून त्याच्याच हातात द्यायचं, एवढीच माझी सूचना. सभेत जे बोलणं झालं ते आठवलं की हसू येतं. "मग लोक मुद्दाम पुस्तकं भिजवतील," असं एक सभासद म्हणाले. पैसे भरून पुस्तक मिळवायचं तर माणूस दुकानात जाईल, तो खाडीवर कशाला जाईल? पण ठराव एका मताने निसटून झाला. त्याच सभेत शाळकरी मुलांची अनामत रद्द झाली. तीही सहज नाही. 'फुकट दिलं की किंमत राहत नाही' हे वाक्य आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना लहानपणी पुस्तकं फुकटच मिळालेली असतात.

दुसरा झगडा मुक्तद्वाराचा. तोवर वाचक फळीच्या अलीकडे आणि पुस्तकं पलीकडे. यादीतून नाव सांगायचं, काका आणून देणार. युरोपात मध्ययुगात पुस्तकं साखळीने बांधून ठेवीत. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये तसं साखळ्यांचं ग्रंथालय अजून जपून ठेवलेलं आहे. आमची लाकडी फळी म्हणजे त्या साखळीचीच धाकटी बहीण. फळी काढली आणि वाचकांना कपाटापर्यंत जाऊ दिलं, तेव्हा पहिल्या वर्षी पुस्तकं हरवली, हे कबूल केलं पाहिजे. पण त्याच वर्षी असं दिसलं की जी पुस्तकं आल्यापासून एकदाही बाहेर गेली नव्हती ती जाऊ लागली. दामूअण्णांच्या नाहीतर कोणाच्या तरी शिफारशीवर चालणारं वाचन संपलं. माणूस एक पुस्तक घ्यायला जातो आणि शेजारचं घेऊन येतो, आणि हे शेजारचं पुस्तक यादीत कधी सापडत नाही.

बायकांचं वाचन तर आमच्या दप्तरात दिसतच नसे. सभासद नवरा, सही मुलाची, वाचणारी घरातली बाई. चिठ्ठी यायची: 'जाड पुस्तक द्यावे.' लेखक नाही, विषय नाही, फक्त जाड. कारण पुढच्या खेपेला कधी कोणाला पाठवता येईल ते ठाऊक नसायचं. एक सभासद वारल्यानंतर पाच वर्षं आठवड्याला दोन पुस्तकं वाचत होते. वाचनालय चार ते सात उघडं असायचं, आणि चार ते सात ही वेळ पुरुषांच्या सोयीची. बाईची ती पाणी, दिवाबत्ती आणि चुलीची. बुधवारी आणि शनिवारी दुपारी दोन ते चार दार उघडायला लागलो तेव्हा काकांनी कुरकुर केली, कारण ती त्यांची डुलकीची वेळ. पण पहिल्याच महिन्यात ज्यांचे चेहरे मी गणपतीच्या आरतीखेरीज कुठे पाहिले नव्हते अशा बायका स्वतःच्या नावाने सही करू लागल्या. एकीने तर नवऱ्याचंच सभासदत्व रद्द करा म्हणून सांगितलं. तो काही वाचत नाही, वर्गणी फुकट जाते!

मग पेट्या. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० च्या सुमारास खेडोपाडी लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं पाठवली, हे मी बी. एड. करताना वाचलं होतं. आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, जाळी विणायला पडवीत काढलेली, आणि माणसं घरात. वर्षभरात त्यांना हाच काय तो वेळ, आणि नेमका तेव्हाच आमच्या वाचनालयाकडे येणारा रस्ता पाण्याखाली. तेव्हा एका सुताराकडून दोन पेट्या करून घेतल्या, आत पत्रा मारला, पंचवीस पंचवीस पुस्तकं भरली, आणि एक रापणवाल्यांच्या मांगरात, एक दुकानात ठेवली. देवघेवीसाठी फक्त एक वही. दंड नाही, अनामत नाही, 'ओल्या हाताने' वगैरे काही नाही. नारळी पौर्णिमेला पेट्या परत आल्या तेव्हा तीन पुस्तकं कमी होती. समितीत गदारोळ झाला. गणपतीत त्या तिन्हींपैकी दोन आली. तिसरं आलं नाही, पण त्याच्याऐवजी पेटीत कुणीतरी आपल्या घरची एक पोथी ठेवलेली सापडली. तिची नोंद दाखल वहीत कशी करायची यावर आम्ही एक अख्खी बैठक घालवली.

वाचून आलेले अभिप्राय मात्र झोंबणारे असत. समुद्रावरच्या एका कादंबरीबद्दल मांगरातल्या एका तांडेलाने निरोप पाठवला की लिहिणारा कधी बोटीत चढलेला नसावा. चिं. त्र्यं. खानोलकर आमच्याच मातीतले, वेंगुर्ला तालुक्यातल्या बागलांच्या राईचे. त्यांची पुस्तकं तिथे दोन गट पाडायची. काहींना ती फार जवळची वाटत, तर काही म्हणत, घरात एवढां दुख्ख असताना पुस्तकातलां कित्याक व्हया? याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

कार्यक्रमांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचं कौतुक अहवालांतून पुरेसं झालेलं असतं. व्याख्यानमाला, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, नोव्हेंबरातला ग्रंथालय सप्ताह. पाहुणे, नारळ, फोटो, कात्रण. कात्रण फाइलला. यातून एखादा नवा वाचक मिळाल्याचं मला आठवत नाही. नवे वाचक मिळाले ते दिवाळी अंकांनी. १९०९ साली का. र. मित्र, म्हणजे मूळचे आजगावकर, यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा आपण कोकणातल्या वाचनालयांची वर्षभराची बेगमी करतो आहोत हे त्यांना ठाऊक नसावं. दिवाळीत वेगळी वर्गणी, एक अंक चार दिवस, आणि हातोहात फिरून फेब्रुवारीत त्याच्या चिंध्या. अंकावरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीच्या बांधावरूनही झाली नसतील.

अलीकडचं भांडण वेगळं आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमची अर्धी कौलं उडाली. त्याआधी मार्च २०२० पासून टाळेबंदीत दार बंद होतं, ते ऑक्टोबरात उघडायची परवानगी मिळाली. या दोन तडाख्यांनंतर कथा-कादंबऱ्या नेणारे निम्मे परतले नाहीत. परतले ते स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं-मुली. घरात दोन खोल्या, तिथे टीव्ही. त्यांना पुस्तक नको, टेबल हवं, पंखा हवा, आणि रात्री दहापर्यंत उघडं दार हवं. अनुदानाच्या नियमाप्रमाणे वर्तमानपत्रं सर्वांना मोफत वाचायला ठेवायची असतात, तेव्हा त्याच खोलीत सकाळ-संध्याकाळ पेन्शनर मंडळी. मुलं मोबाइलवर व्याख्यानं ऐकतात. कानात बोंडं असली तरी म्हाताऱ्यांना ते आळशीपणाचं लक्षण वाटतं. आणि मुलांचं म्हणणं, आजोबा अग्रलेख मोठ्याने वाचतात. दोन्ही बाजूंनी पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर मोबाइलचा नियम असणार कुठून? शेवटी पाटीच्या खाली कागद चिकटवून पंधरावा नियम लिहिला: बोलणं असेल तर पडवीत. तो दोघांनाही लागू. आश्चर्य म्हणजे पडवीत म्हातारे आणि मुलं एकत्र बसायला लागली, आणि एक निवृत्त तलाठी त्यांना महसुलाची प्रश्नपत्रिका समजावून देतो. हे आम्ही योजलेलं नव्हतं.

आता पैशाचं. 'ड' वर्गाचं वार्षिक अनुदान २०२२ च्या आधी कित्येक वर्षं ३०,००० रुपये होतं. त्या वर्षी ६० टक्के वाढ मिळून ते ४८,००० झालं. त्यातलं निम्मं वेतनावर आणि निम्मं पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, बाकी सगळ्यावर. म्हणजे त्या वाढीनंतरही ग्रंथपालाच्या हातात महिन्याला २,००० रुपये. हा आकडा मी दोनदा तपासून लिहितो आहे. रात्री दहापर्यंत दार उघडं ठेवा, पेट्या फिरवा, बायकांसाठी दुपारी बसा, असं मी कोणाला कोणत्या तोंडाने सांगायचं? आमचे काका गेले तेव्हा त्यांच्या मुलाने वडिलांची जागा घ्यायला नम्रपणे नकार दिला. त्याची रिक्षा आहे. त्याचं बरोबर आहे. आपण ग्रंथपालाच्या हालांना 'सेवा' म्हणतो आणि मोकळे होतो. मीही तीस वर्षं तेच म्हणत आलो, कारण माझा पगार शाळेतून येत होता.

गेल्या महिन्यात आम्ही जागा भरण्यासाठी दारावर सूचना लावली. एकच अर्ज आला, अभ्यासिकेत बसणाऱ्यांपैकीच एका मुलीचा. समितीने पगार सांगितला. ती म्हणाली, पगार कळला, पण रात्री दहानंतर मी इथेच बसून माझा अभ्यास केला तर चालेल का? वीजबिलावरून जरा चर्चा झाली. मग तिने विचारलं की पाटीवरचे नियम कोणी केले, आणि त्यातले कोणते अजून चालू आहेत. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं.

मी तिच्याबरोबर पाटीपाशी गेलो आणि आम्ही पहिल्यापासून वाचायला लागलो. ओल्या हातांच्या नियमापाशी ती थांबली. येत्या सभेत पाटी नव्याने रंगवायचा विषय ठेवला आहे. पेंटर आता मिळत नाहीत, फ्लेक्स लावावा लागेल असं दिसतं.